बाटवलेली चाल

आखाती लढाईत सौदीतल्या जुबैलला आम्हा कामगारांच्या कॅम्पशेजारच्या बराकींत अमेरिकन सैनिक येऊन राहिले होते. त्यांतला एक मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या डोमिनिकन रिपब्लिकचा. संध्याकाळी तो कुंपणापाशी बसे, गॅस मास्कची पिशवी मांडीवर घेई आणि तिच्यावर गिटार टेकवी. वाजवताना त्याचे डोळे मिटलेले असत. समोरची वाळू तेवढा वेळ मला समुद्रासारखी हलताना दिसे.

"आमच्या बेटावरचं हे संगीत, बचाता," तो सोप्या इंग्रजीत सांगे. "त्यातला बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीत, क्युबातून आला, ठेका आफ्रिकेतून. मी घरी विजेची गिटार आणली, तर बाप म्हणाला, गाणं बाटवलंस. त्याच्या बापानं त्यालाही हेच ऐकवलं होतं!"

तेव्हा आम्ही घरी पत्राऐवजी आवाज भरून कॅसेट पाठवायचो. "आई, मी बरा आहे, काळजी करू नको," असं एका संध्याकाळी मी टेपरेकॉर्डरपुढे बोलत होतो आणि पलीकडे त्याची गिटार चालली होती. एवढ्यात सायरन वाजला. गिटार कुंपणाला टेकवून तो धावला.

दोन दिवसांनी बराकी रिकाम्या झाल्या. कॅसेट मी रत्नागिरीला निघालेल्या माणसाबरोबर धाडली.

पुढच्या गणपतीत रजेवर गावी गेलो. अंगणात जाखडी नाच रंगला होता. गडी गोल फिरत होते आणि मृदंगाच्या साथीनं गवळण गात होते, त्या गिटारच्याच चालीवर! आईनं ती कॅसेट साऱ्या वाडीला ऐकवली होती.

शेजारी बसलेले म्हातारे बुवा करवादले, "चाल बाटवली रे ह्यांनी!"

हे त्या सैनिकाला लगेच कळवावंसं वाटलं. पण मी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.