जेवणाच्या टेबलावरचा दवाखाना

वृंदाताईंच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी डब्यात पोळ्या भरत होते. सकाळी कामावर निघाल्या आणि दारातच कोसळल्या... दीड महिना झाला. अजून त्यांचं नाव निघालं की मला आधी लाज वाटते, मग रडू येतं.

इथे परदेशात, जॉन्सनव्हिलला, त्या आमच्यापासून दोन घरं सोडून राहायच्या. सांगलीकडे आठ वर्षं त्यांचा स्वतःचा दवाखाना होता. इथली डॉक्टरकीची परीक्षा दोनदा हुकली, तेव्हा तो नाद सोडून त्यांनी रेस्ट होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, मदतनिसाचं काम धरलं. माझ्या सईला मेडिकलला जायचं होतं. त्यासाठी आधी डनेडिनच्या विद्यापीठात पहिलं वर्ष काढायचं आणि त्यातल्या मार्कांवर पुढचं सगळं. तिची शाळा संपली त्या उन्हाळ्यात वृंदाताई सकाळची शिफ्ट संपवून, अंगावरच्या युनिफॉर्मवरच, आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसायच्या. केमिस्ट्री शिकवलीच, पण आधी मला पेशंट केलं. "आईचे गुडघे दुखतात ना? विचार तिला. दहा मिनिटं नुसतं ऐकायचं." तिसऱ्याच मिनिटाला सई म्हणाली, "मम, इट्स जस्ट आर्थ्रायटिस." "वा! पेशंटनं तोंड उघडायच्या आत निदान करून मोकळी?" वृंदाताईंनी तिला पुन्हा बसवलं. गुडघ्यांवरून मी माझ्या एकटेपणावर कधी आले, मलाच कळलं नाही. लेकीनं माझं इतकं ऐकून घेतलं ते पहिल्यांदाच.

सई निघायच्या आदल्या शनिवारी आम्ही घरी जेवण ठेवलं. ओळखीतले दोन-तीन डॉक्टरही आले होते. सगळ्यांची ओळख मी पदव्यांसकट करून दिली आणि वृंदाताईंपाशी आल्यावर म्हणाले, "या रेस्ट होममध्ये असतात." परीक्षेचा विषय निघून त्यांना अवघडायला नको म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण ते नव्हतं. माझ्या मुलीला एक मदतनीस शिकवते, हे त्या लोकांपुढे मला कमीपणाचं वाटलं. वृंदाताई हसल्या आणि ताटं उचलायला लागल्या. माफी मागायची ठरवत दोन वर्षं गेली. भेट रोज व्हायची, तोंड उघडलं नाही.

अंत्यविधीला सई आली होती. परतताना गाडीत मी तिला सगळं सांगून टाकलं.

"आय नो, मम. आय सेड सॉरी टू हर दॅट नाइट. फॉर यू."

"मग? काय म्हणाल्या?"

एरवी मराठीत एक वाक्य धड न बोलणारी माझी लेक अडखळत, पण शब्द न शब्द बोलली, "'आईला काही बोलू नकोस गं. आता मीसुद्धा लोकांना रेस्ट होममध्ये असते एवढंच सांगते.'"