समुद्र काय गाडी घेऊन पळतोय?

हे मी आजपर्यंत कुणाच्या कानावर घातलेलं नाही. ह्यांच्याही नाही. ह्यांच्यापासून मी पुष्कळ गोष्टी लपवल्या. तूरडाळीत पुरलेली मिश्रीची डबी त्यातली सगळ्यात निरुपद्रवी. ती डबी त्यांना एक दिवस सापडली, आणि हसून त्यांनी ती परत होती तिथंच पुरली. ही गोष्ट मात्र सापडली नाही. हे जाऊन सहा वर्षं झाली. आता कुणी शोधणारं उरलं नाही, तर मलाच ती उकरावीशी वाटते — म्हातारपणी खाज कुठे सुटेल काय सांगावं?

तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंय. ओळखणारे आधीच हसायला लागतात. जळगावात, मेहरूणच्या आमच्या गल्लीत मला सगळे अक्का म्हणतात, आणि अक्का म्हणजे गंमत हे ठरून गेलेलं. बारसं असो, डोहाळजेवण असो, कुणीतरी म्हणणारच — "अक्का, ती समुद्राची सांगा ना!" मग मी पदर खोचते आणि सांगते. चाळीस वर्षांवर झाली, सांगतेच आहे.

आधी तुम्हालाही तशीच सांगते. मग पुढचं.

आम्ही तेव्हा धुळ्याला होतो. हे हायस्कुलात गणित शिकवायचे, ह्यांचे जिवलग मित्र रघुभाऊ भूगोल. रघुभाऊंची बायको कुसुम. आमची दारं समोरासमोर, आमटी इकडून तिकडे, भाकरी तिकडून इकडे. चौघंही पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे. शाळेतल्या एका मास्तरांच्या भावाचा साखरपुडा नाशिकला होता, म्हणून दोन मोटारसायकलींवर गेलो. जेवणं झाली, परत निघायचं, तर रघुभाऊ म्हणाले, "दर वर्षी आठवीला भरती-ओहोटी शिकवतो, आणि समुद्र काही बघितला नाही. चला, बघून येऊ!" अंथरूण नाही, पांघरूण नाही, घरी निरोप नाही. निघालो! जव्हारचा घाट उतरलो, डहाणू मागे टाकलं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं पुढे — खडी, खाडी, काळे कातळ. गाड्या अशा उसळत होत्या की पुढच्या गाडीवरच्या कुसुमचा गजरा उडून मागच्या गाडीवर माझ्या मांडीत पडला.

दिवस कलताना पोचलो. समुद्र कुठल्या कुठे आत गेलेला. समोर नुसती ओली, टणक वाळू, मधे मधे काळे खडक. रघुभाऊंनी आपली नवीकोरी गाडी सरळ खाली नेली आणि वाळूवर उभी केली. वरून, सुरूच्या झाडांतून, कुसुम ओरडली, "अहो, गाडी वर घ्या!" तर आमचे भूगोलाचे मास्तर — इथं मी कमरेवर हात ठेवते, पोट पुढे काढते — म्हणाले, "समुद्र काय गाडी घेऊन पळतोय?"

आणि सकाळी बघतो तर वाळूतून वर आलेलं नुसतं हँडल! मास्तरांनी भरतीचं प्रात्यक्षिकच दिलं!

लोक पोट धरून हसतात. रघुभाऊही हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसायचे.

आता ती गाडी. गोष्ट सांगताना मी गाडीबद्दल फारसं बोलत नाही. का बोलत नाही?

ती गाडी कुसुमच्या वडिलांनी लग्नात दिलेली. चोपड्याकडचे केळीवाले शेतकरी, त्यांना सगळे नाना म्हणायचे. पुढच्या मडगार्डवर पिवळ्या अक्षरात लिहून घेतलेलं — नानांची कृपा. आणि माझ्या वडिलांनी काय दिलं? तांब्याची घागर. चांगली जड होती, अजून आहे. पण घागरीवर बसून नवऱ्याला शाळेत जाता येत नाही ना. समोरच्या दारात ती गाडी लागली की आमच्या सासूबाई पोळपाटावरून मान न उचलता म्हणायच्या, "रघूना सासरानी फटफटी दिधी. तुना बापनी काय दिधं वं?" रोज. सकाळी साडेदहाला, शाळेच्या घंटेसारखं.

ह्यांनी मग कुठूनशी तिसऱ्या हातची एक मोटारसायकल आणली. तिचं स्टँड मोडकं. भिंत नाहीतर झाड असेल तिथंच ती थांबायची. त्या संध्याकाळीही ह्यांनी ती वर नेली ती शहाणपणानं नव्हे — टेकवायला झाड वरच होतं म्हणून. आमची गाडी वाचली ती मोडकी होती म्हणून.

आणि ती मंदा, म्हणजे मी. तिची ओळख करून देते. चोवीस वर्षांची, डोळ्यांत काजळ, डोक्यात भुसा. जिभेला धार अशी की कांदा चिरावा. तिला वाटायचं आपण फार हुशार. कुसुमची बांगडी नवी की हिचं जेवण कडू. आणि वरून काय, तर "कुसुम, शोभते गं तुला!" अशी गोड. आज समोर आली तर मी तिला घरात घेणार नाही. पण बाहेर तरी कसं काढू? माझ्याच चपला घालून फिरते ती.

तर तिथं पोचल्यावर प्यायला पाणी हवं होतं. मी कळशी मागायला वरच्या झोपडीपाशी गेले — एकटी. तिथं एक म्हातारी वाळत घातलेली मासळी गोळा करत होती. तिनं कळशी भरून दिली, खाली गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "पोरी, ती गाडी तुमची? वर घ्या. आज पुनव. पाणी या झाडांच्या मुळाशी येतं." मला पटेना. समुद्र इतका लांब! म्हातारीनं सुरूचं एक मूळ दाखवलं. त्याला शेवाळ लागलं होतं. हात लावून बघितलं मी. ओलं होतं.

ऐकलंत ना? हात लावून बघितलं.

कळशी घेऊन मी उतरले. सांगायचंच होतं — खरं सांगते, झोपडीपासून वाळूपर्यंत ते वाक्य माझ्या तोंडात होतं. रघुभाऊ गाडीपाशी उभे, रुमालानं टाकी पुसत. मला बघून हसले, "काय वहिनी! तुमच्या गाडीला टेकू लागतो. आमची बघा, स्वतःच्या पायावर उभी!" थट्टाच होती. रोज करायचे. रोज मी उलट चार सुनवायची. त्या दिवशी मला सासूबाईंचा पोळपाट ऐकू आला.

तेवढ्यात वरून कुसुम ओरडली, "अहो, गाडी वर घ्या!" तिला काहीच ठाऊक नव्हतं. बिचारीला नुसती भीती वाटली. रघुभाऊंनी खरंच हँडलला हात घातला. स्टँडवरून गाडी काढायला वाकलेसुद्धा.

आणि मी म्हणाले — कमरेवर कळशी, मान तिरकी — "राहू द्या हो रघुभाऊ. समुद्र काय गाडी घेऊन पळतोय?"

ते खदखदून हसले. गाडी सोडली. वारा जोरात होता, हे आणि कुसुम वर झाडांत होते, त्यांना फक्त हसणं ऐकू गेलं. ते वाक्य ऐकणारं माणूस एकच.

अजून आहे. मला वाटलं होतं इथवर सांगितलं की संपेल. रात्री आम्ही झाडांखाली साड्या-टॉवेल पांघरून पडलो. मला झोप नव्हती — कशी येणार? चांदणं पिठासारखं सांडलेलं. पाणी येताना दिसत होतं. आमच्या पांझरेला पूर आला की गरजत येतो. हे पाणी तसं नव्हतं, नुसतं सरकत होतं. चाकांना लागलं. मी उठून बसले. चौघं होतो, धावलो असतो तर पाच मिनिटांत गाडी वर आली असती. कुसुम शेजारीच होती, तिचा हात माझ्या हाताला लागत होता. मी हात काढून घेतला. पदर डोक्यावरून ओढला आणि ह्यांच्याकडे पाठ करून पडून राहिले. काय वाटत होतं विचाराल तर — बरं वाटत होतं. हेच ते. हेच मी सांगायचं टाळत होते.

सकाळी कोळ्यांनी दोर लावून गाडी ओढली. पिवळी अक्षरं वाळूनं खरवडली होती. टेंपोत घालून ती धुळ्याला आणली. दारात सासूबाई उभ्या. त्यांनी विचारलं, "हाई काय वं?" आणि मी — कुणी मला विचारलं होतं? — पटकन सांगून टाकलं, "कुसुम म्हणत होती वर घ्या. रघुभाऊच म्हणाले, समुद्र काय गाडी घेऊन पळतोय." सासूबाई हसल्या. मला सून करून आणल्यापासून माझ्या बोलण्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. रघुभाऊंनी माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग मान खाली घालून बुटातली वाळू झटकत राहिले.

गोष्ट चालली म्हणून मग मी ती चालवली. शाळेत पोचली. भरती-ओहोटीचा धडा आला की पोरं बाकाखाली डोकं घालून हसायची. दोन वर्षांनी रघुभाऊंनी तो धडा दुसऱ्या मास्तरांना दिला.

आणि चोपड्याला पोचली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कुसुम नवऱ्यासह माहेरी गेली. अंगणात झोका बांधलेला, लेकी-बाळी गाणी म्हणत होत्या, आमरस वाढलेला. भरल्या पंगतीत नाना म्हणाले, "जवाईबापू, फटफटी समिंदरले वाही दिधी. आते काय, मनी पोरले वाहशात?" पुढची पाळी माझ्या पोरीची का — असं. रघुभाऊ ताटावरून उठले. तो उंबरा त्यांनी पुन्हा ओलांडला नाही, आणि त्यांच्याशिवाय कुसुम गेली नाही. सात आखाज्या. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी गेली नाही तर आईला घास उतरत नाही. तिची आई एसटीतून डबा पाठवायची — सांजोऱ्या. कुसुम त्यातल्या मला द्यायची. मी खायची. चांगल्या व्हायच्या. सातव्या वर्षी डबा आला नाही, तार आली. कुसुम पोचली तोवर आईला नेलेलं होतं. झोक्याचा दोर तेवढा कडुलिंबाला तसाच होता, असं तिनं मला येऊन सांगितलं. माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून.

तेव्हा सांगायचं होतं ना? मी तिच्यासाठी पिठलं टाकलं.

पुढे नाना थकले, जावयाला बोलावणं धाडलं, रडले. दिलजमाई झाली. निवृत्तीनंतर दोन्ही घरं जळगावला आली, पुन्हा शेजारी. आणि रघुभाऊ — ते आता स्वतःच सांगायला लागले होते. नातवंडं जमली की कमरेवर हात ठेवायचे, माझ्यासारखं पोट काढायचे, "मी म्हणालो, समुद्र काय गाडी घेऊन पळतोय!" खरंच विसरले होते का? की मला झाकत होते? एकदा सगळे उठून गेल्यावर मी विचारायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "वहिनी, चहा टाकता का?" मी चहा टाकला.

या थंडीत ते गेले. शेवटच्या आठवड्यात मी उशाशी मोसंबी सोलत बसले होते. कुसुमचा हात धरून ते म्हणाले, "तू सांगत होतीस गं, वर घ्या. मी ऐकलं नाही. तुझं माहेर घालवलं मी." कुसुम म्हणाली, "सोडा हो आता." मी मोसंबीच्या बिया काढत राहिले. एकूण एक काढल्या.

दहाव्याला घर भरलेलं होतं. कुणीतरी म्हणालं, "अक्का, भाऊंना आवडायची ती सांगा." वाटलं, आता तरी जीभ अडेल. अडली नाही. सगळे हसले, रडले. कुसुमसुद्धा हसली.

गेल्या आठवड्यात त्यांच्या नातीनं, गौरीनं, नवी मोटारसायकल घेतली. पोरगी पुण्याला नोकरी करते, मैत्रिणींबरोबर समुद्राकाठानं जाणार आहे म्हणे, अचानक ठरलं. फाटकाशी गाडी लावून तिनं मला हाक मारली, "अक्काआजी, मागे बघ ना!" मागच्या मडगार्डवर पिवळ्या अक्षरांत रंगवून घेतलेलं — समुद्र काय गाडी घेऊन पळतोय! खाली, बारीक अक्षरात — रघुआजोबा.

कुसुमनं गाडीला हळदकुंकू लावलं. अक्षरांवरून बोट फिरवलं. मग करंडा माझ्या हातात दिला. "मंदे, तूही लाव. तू सांगत राहिलीस म्हणून तर त्यांचं बोलणं राहिलं."

मी लावलं. करंडा कुसुमला परत दिला.

खाली रघुभाऊंचं नाव आहे. बोलणं माझं आहे. आणि त्या संध्याकाळी पाणी कुठवर येणार, हे चौघांत मला एकटीला माहीत होतं.