फुटलेल्या आयशॅडोची डबी

रत्नमालाच्या हातून फुटलेली आयशॅडो कधी वाया गेली नाही. लासूर स्टेशनला घराच्या पुढच्या खोलीत ती वीसेक वर्षं पार्लर चालवत होती. माल शहरातून यायचा, तोही एसटीत धक्के खात, नाहीतर कुणाच्या मोटरसायकलला लटकून. डबी उघडावी तर आत रंगाचा नुसता भुगा. दुसरी एखादी कपाळाला हात लावून बसली असती. ही त्या भुग्यात थेंब थेंब स्पिरिट टाकायची, काडीनं कालवायची, वर मलमलीचा तुकडा ठेवून नाण्यानं दाबायची आणि झाकण उघडं ठेवून रात्रभर वाळू द्यायची. सकाळी वडी तयार. आसपासच्या गावांतल्या कितीतरी नवऱ्या असल्या जोडलेल्या रंगांवर बोहल्यावर चढल्या. कुणी तक्रार केली नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी कौतुकही केलं नाही.

त्याच कमाईवर तिची एकुलती एक पोरगी, प्रेरणा, पुण्याला जाऊन मेकअपचा कोर्स करून आली. मग संभाजीनगरात गारखेड्याला भाड्याचा फ्लॅट घेऊन धंद्याला लागली. पाटीवर, कार्डावर, मोबाइलवर सगळीकडं नुसतं ‘प्रेरणा’. आडनाव कुठंच नाही. आडनाव कळलं की जात कळते, आणि जात कळली की काही घरांना चेहऱ्याला लागणारा हात नकोसा होतो, हे रत्नमालाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं ते लासूरला भोगलेलं होतं.

लग्नसराईत प्रेरणानं आईला मदतीला बोलावून घेतलं. पहिल्याच दिवशी काळा एप्रन हातात देत म्हणाली, “आई, तिथं मला मॅडम म्हण हं. क्लायंटला टीम दिसावी लागते.” रत्नमाला हसली. पोटच्या पोरीला मॅडम म्हणायचं, तिला गंमतच वाटली. लेकराच्या पायी माणूस कशाकशाला गंमत म्हणतं!

बीड बायपासच्या एका लॉनवर बड्या बागायतदाराच्या घरचं लग्न होतं, मुहूर्त संध्याकाळचा. सकाळी जिन्यात प्रेरणाच्या हातून बॅग सुटली आणि नेमका नवरीनं पसंत केलेला तांबूस रंग फुटला. शालूवर तोच पाहिजे होता. प्रेरणा पायरीवरच बसली, डोळ्यांत पाणी. “आई, तू करायचीस ना ते. कर ना गं!”

रत्नमाला हरखली. कोर्स करून आल्यापासून या पोरीनं आईच्या कामाला नाक मुरडण्यापलीकडं काही केलं नव्हतं. तिनं जीव लावून रंग कालवला, दाबला, कडा पुसून काढल्या. वडी अशी बसली की फुटली होती हे सांगूनही पटू नये.

“पण आज लावू नको,” ती म्हणाली. “वरून कोरडं दिसतंय, आत स्पिरिट आहे. उद्याशिवाय वाळायचं नाय.”

“ड्रायर मारते.”

“ड्रायरनं वरची साय वाळती बाई. दुसऱ्या रंगावर भागव.”

प्रेरणानं ड्रायर मारला. आईला विचारायचं ते हात जोडून आणि ऐकायचं ते मात्र अर्धं!

व्हायचं तेच झालं. लॉनवरच्या खोलीत दुसऱ्या डोळ्यावर ब्रश फिरला तशी नवरी किंचाळली. पापणी लाल, डोळ्यातून धारा. नवरीची आत्या सरूबाई पदर खोचून पुढं आली. “काय लावलं गं माझ्या लेकराच्या डोळ्याला? मंडप सोडून दवाखान्यात न्यावं का आता?”

प्रेरणाचा चेहरा उतरला. तिनं एकदा डबीकडं पाहिलं, एकदा आईकडं. “सॉरी मावशी. माझ्या हेल्परनं केलंय हे. मला न विचारता डबीत कायतरी घातलं. गावाकडची बाई आहे, अडाणी. उद्यापासून नाही ठेवणार तिला.”

रत्नमालाला तोंडात मारल्यासारखं झालं. मॅडम म्हणायची गंमत तिथंच संपली. तरी हात थांबले नाहीत. कापसाचा गार बोळा करून तिनं नवरीचा डोळा अलगद धुतला, पुन्हा धुतला. “चुकलं माझं ताई,” ती सरूबाईला म्हणाली. “मॅडमला बोल लावू नका.” पोरीचा धंदा वाचवायला आईनं हे केलं, आणि पोरगी बाजूला उभी राहून केसांच्या पिना निवडत होती. असल्या पोरीच्या दोन मुस्कटात द्याव्यात, पण देणार कोण? जिला तो हक्क होता ती हेल्पर झाली होती.

थोड्या वेळानं लाली उतरली. साध्या सोनेरी रंगावर काम निभावलं, आणि आरशात बघून नवरी हसली. सरूबाईचा राग जसा आला तसा गेला. मनाची बाई वाईट नव्हती. जेवणाच्या मंडपातून ती लाडवांचे दोन पुडे घेऊन आली आणि कोपऱ्यात सामान आवरणाऱ्या रत्नमालाजवळ टेकली.

“लई बोलले गं तुला. मनावर घिऊ नको. तुझं बी पोट हाय. हे घरी ने, लेकरायला. लेकरं कितीक हायेत तुला?”

आरशापुढं प्रेरणा नवरीच्या ओठांना रंग लावत होती. तिची पाठ इकडं होती, पण ती ऐकत होती. रत्नमालाला ती पाठ ओळखू येत होती. एक शब्द बोलला असता तर लेकीचं सगळं सोंग त्या खोलीत उघडं पडलं असतं. आणि न बोलावं तर काळीज जळत होतं.

“लेकरू नाय मला,” रत्नमाला म्हणाली. मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

ब्रश थांबला. “मॅडम, काय झालं?” नवरीनं विचारलं. प्रेरणानं नवरीची हनुवटी धरली आणि ओठ मिटून ठेवायला सांगितलं.

सरूबाईनं हळहळून च्च च्च केलं. “देवाची करणी बाई,” ती म्हणाली, आणि दोन पुड्यांतला एक परत उचलून घेतला. “मग येवढं काय करती? एकटीला एक बास हाय.”