कंपनीच्या बसमधली शिशी
दुसऱ्या बाळंतपणात माझ्या लघवीत साखर सापडली. मुलगी झाली ती चांगली साडेनऊ पौंडांची. रहाटणीत आम्ही ज्यांच्या खोलीत भाड्यानं राहायचो, त्या घरमालकीणबाई तिला उचलून म्हणाल्या, ‘‘पोर हाय का भोपळा!’’ सगळे हसले. डॉक्टरीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. ‘‘साखर आता गेलीय, पण ती परत येते. दर सहा महिन्यांनी सकाळची पहिली लघवी तपासायची. चुकवायचं नाही,’’ त्यांनी बजावलं.

दवाखाना आमच्या ह्यांच्या कंपनीच्या फाटकाजवळ होता. दोन लेकरं घेऊन मी कुठे पायपीट करणार? ठरलं असं, की हे पहिल्या शिफ्टला जाताना शिशी नेतील आणि येताना निकाल आणतील. खरं सांगते, मला बरंच वाटलं. जाणं टळलं.

तीन वर्षं मी खोकल्याच्या औषधाची रिकामी शिशी उकळून, भरून, फडक्यात गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवली. दर वेळी चिठ्ठीवर एकच निकाल, साखर नाही. मग काय, मी डिंकाचे लाडूही खाल्ले आणि गुळाचा चहाही प्याले. तहान फार लागायची. अर्धी कळशी मी एकटी संपवायची. अंगाला खाज सुटायची, दुपारी हातपाय गळून जायचे. घरमालकीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘बाळंतपणाची साखर बाळाबरूबर जाती. डाक्तरचा कागद खोटं बोलंल व्हय?’’ मलाही ते पटलं. आपल्याला हवं तेच पटतं.

तिसऱ्यांदा दिवस गेले. सहाव्या महिन्यात पाय सुजले, म्हणून ह्यांच्याबरोबर मी स्वतः दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोरच नळीत निळं औषध घातलं, लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं राहिलं म्हणजे साखर नाही. ते हिरवं झालं, पिवळं झालं आणि थेट विटेसारखं लाल झालं. त्यांनी जुन्या नोंदी काढल्या.

‘‘बाई, हे आजचं दुखणं नाही. मग मागच्या सगळ्या तपासण्या चांगल्या कशा?’’

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे बघत होते. तिकडेच बघत त्यांनी सगळं सांगून टाकलं. पहिल्याच खेपेला बसमध्ये कुणीतरी पिशवी चाचपली होती. ‘‘काय राव, वहिनींनी सरबत दिलंय का?’’ अख्खी बस हसली. बायकोची लघवी आहे हे कळलं तर जन्मभर चिडवतील, म्हणून ह्यांनी उतरताच शिशी गटारात ओतली. कंपनीच्या संडासात ती धुतली आणि स्वतःची लघवी भरून दवाखान्यात दिली. पुढे दर वेळी तेच. ‘‘तू धडधाकट दिसायचीस गं,’’ हे म्हणाले.

मला किंचाळावंसं वाटलं. पोटात बाळ होतं, म्हणून दंड पुढे केला आणि पहिली सुई टोचून घेतली.

त्या दिवसापासून रोज सुई. भात बंद, गूळ बंद. दर तासाला मी पोटावर हात ठेवून बसायची. हालला की जीव भांड्यात पडायचा, नाही हालला की मी त्याच्याशी बोलायची, हात जोडायची, देवाला शिव्या घालायची. डॉक्टरीणबाई सारखं एकच म्हणायच्या, ‘‘फार उशीर झालाय, पण आपण प्रयत्न करू.’’ आठव्या महिन्यात एका सकाळी तो हालायचा थांबला.

मुलगा होता. मागच्यापेक्षाही मोठा, गुबगुबीत. नुसता झोपलाय असं वाटावं इतका चांगला. पुरायला बापानंच न्यायचा, म्हणून दाईनं त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून ह्यांच्या हातात दिलं. ह्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. मी खाटेवरून बघत होते.

‘‘नीट धरा,’’ मी म्हटलं. ‘‘हे तरी वाटेत ओतू नका.’’

असं बोलायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते शब्द परत घ्यावेत, असं आजवर एकदाही वाटलेलं नाही.