गॅलरीतला निळा ड्रम

जानेवारीतला शेवटचा शनिवार, सकाळी नऊ. शारजातल्या आमच्या फ्लॅटची गॅलरी. हजर: पुण्याहून आलेले माझे बाबा, मी, नवरा आणि नाक दाबून दारात उभी असलेली मुलगी.

आई गेल्यावर बाबा पहिल्यांदाच आले होते, व्हिजिट व्हिसावर. त्यांनी कायमचं इथे राहावं, म्हणून मी कागदपत्रांची फाइलसुद्धा तयार ठेवली होती. ते म्हणाले, "आधी तुझ्या गॅलरीत मेथी येते का बघू. मग माझं बघू."

कुंड्यांत नुसती रेती. वर पाणी घातलं की लगेच खालच्या ताटलीत. बाबांनी एका निळ्या ड्रमला भोकं पाडली आणि त्यात भाजीची सालं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, वाळकी पानं, खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे असे थर द्यायला सुरुवात केली.

"आजोबा, इट स्टिंक्स!"

"आज तुझं नाक, तीन महिन्यांनी माझं खत."

मी वहीत लिहिलं: खत, तीन महिने. त्याच्या वरच्याच ओळीत होतं: बाबांचा व्हिसा, सहा आठवडे. दोन्ही ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या.

बाबांनी तोवर रेतीतच मेथी टाकली होती. आठवड्यात ती उगवली, पण दोन पानांवर पिवळी पडून थांबली. मी ऑफिसातून येताना नर्सरीतून कोंबडीखताची पिशवी आणली. बाबा दुपारचे झोपले होते. पाचही कुंड्यांत मुठी मुठी खत घातलं, पाणी दिलं, वहीत टिक केली.

चौथ्या दिवशी रोपं आडवी झाली. पानांच्या कडा करपल्या होत्या. बाबांनी चिमूटभर माती उचलून हुंगली.

"हे कुणी घातलं?"

"मी. सेंद्रिय आहे, बाबा."

"अगं, सेंद्रिय म्हणजे काय प्रसाद आहे, कितीही वाटायला? कच्चं आहे हे. मुळं भाजली."

नवरा म्हणाला, "खलास." मी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो आत गेला.

बाबा मगाने कुंड्यांत पाणी ओतत राहिले, खत धुऊन जावं म्हणून. मी ताटल्या भरल्या की बाथरूममध्ये रिकाम्या करत होते. संध्याकाळपर्यंत आम्ही तेवढंच केलं. एकही रोप उठलं नाही.

"पुन्हा पेरू ना," मी म्हटलं.

"पेर की. पण आता मला जायला हवं. पुण्याला गच्चीतल्या कुंड्यांना शेजारी तरी किती दिवस पाणी घालणार?"

ते रागावले असते तर मला भांडता आलं असतं. मार्चमध्ये मी त्यांना विमानतळावर सोडून आले. फाइल कपाटात ठेवली.

मेमध्ये ड्रम उघडला. खत काळंभोर, मोकळं झालं होतं, वास ओल्या मातीचा. बाहेर इतकं ऊन की ऑक्टोबरपर्यंत काही पेरायची सोय नाही.

दर शुक्रवारी बाबा फोनवर विचारतात, "चाळलंस का? चाळून सावलीत ठेव म्हणजे टिकेल."

"या आठवड्यात नक्की," मी म्हणते.

चाळणी आणून झाली, गोणीही आणली. परवा झाकण काढलं तर वरच त्यांनी हाताने चुरलेली अंड्याची टरफलं दिसली, अजून पांढरी. झाकण लावलं. वहीत ती ओळ अजून टिक न झालेली आहे: खत चाळणे.