स्वयंपाकघरातला व्हॉल्व्ह

आमच्या नगरपालिकेत पाणीकाका सव्वीस वर्षं पाणी सोडण्याचं काम करतात. खांद्यावर कमरेएवढा लोखंडी पान्हा घेऊन सकाळी सहाला कोपऱ्यावरचं झाकण उघडायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, दीड तासाने बंद करायचा. या कामाला बढती नाही. पाणी आलं की त्यांची आठवण कोणी काढत नाही. नाही आलं की सगळे काढतात.

गेल्या निवडणुकीत नगराध्यक्षांनी वचन दिलं की शहरातला प्रत्येक व्हॉल्व्ह नागरिकांना मोबाइलवर दिसेल. निवडून आल्यावर त्यांनी ते पाळलं, हे नमूद करायला हवं. ठेकेदाराच्या माणसांनी कार्यालयात बसून नकाशावर एकशे अठरा ठिपके लावले. पाणीकाकांच्या व्हॉल्व्हचा ठिपका कोपऱ्यापासून बावीस मीटर आत पडला, एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंच्या स्वयंपाकघरात.

पाणी सोडल्यावर ठिपक्यापाशी उभं राहून स्वतःचा फोटो पाठवला तरच हजेरी लागते. पाच मीटरच्या बाहेरचा फोटो अ‍ॅप घेत नाही. काकांनी मागच्या बोळातून प्रयत्न करून पाहिला. अंतर आठ मीटर भरलं. सलग चार दिवस गैरहजेरी पडली की कामावरून कमी केल्याचा आदेश आपोआप निघतो. विभागाची हजेरी माझ्याकडे आहे, पण आता ती मला फक्त बघता येते.

तेव्हा काका रोज बाईंच्या दारात जाऊ लागले. बाईंनी त्यांना चौथीत शिकवलेलं.

"नकाशात तू पहिल्यापासून कच्चा," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

"हा मी नाही काढला, बाई."

"मग ज्याने काढला त्याला पाठव माझ्याकडे."

सहा महिने असं चाललं. गॅसच्या शेगडीशेजारी ताठ उभे असलेले काका रोज पालिकेच्या पानावर झळकत, आणि नगराध्यक्षांची माणसं तो फोटो 'पाणी सुटले' म्हणून गावभर पाठवत.

मग बाईंचं दोन महिने लेकीकडे जायचं ठरलं. घराला कुलूप लागणार म्हटल्यावर काकांचा चेहरा उतरला. बाईंनी त्याच दिवशी अ‍ॅपवर तक्रार नोंदवली: 'माझ्या स्वयंपाकघरात व्हॉल्व्ह नाही. ठिपका हलवावा.' तक्रार पाहणीसाठी संबंधित कर्मचाऱ्याकडे गेली. संबंधित कर्मचारी म्हणजे पाणीकाका.

ते मोबाइल घेऊन माझ्या टेबलाशी आले. पडद्यावर दोनच पर्याय होते: 'व्हॉल्व्ह आहे' आणि 'व्हॉल्व्ह नाही'. मी ठेकेदाराच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या मुलीने नीट समजावून सांगितलं. 'नाही' दाबलं तर व्हॉल्व्ह यादीतून निघेल, आणि त्याच्यावर नेमलेला कर्मचारीही.

"आणि बावीस मीटरवर आहे, असं कळवायचं असेल तर?"

"सूचना चांगली आहे, सर," ती म्हणाली.

'आहे' दाबलं तर तक्रार खोटी ठरणार होती, आणि त्याला तक्रारदाराची मान्यता लागणार होती. संध्याकाळी काका बाईंकडे गेले. बाईंना न्यायला जावई आलेले होते.

"बाई, तुमची तक्रार खोटी ठरवावी लागेल," काका शेगडीकडे बघत म्हणाले.

"चौतीस वर्षं मी मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं."

"हो बाई. मीपण ऐकलंय."

"आण तो फोन इकडे."

बाईंनी चष्मा लावून सगळा मजकूर दोनदा वाचला आणि 'मान्य' दाबलं. नगराध्यक्षांच्या अहवालात पुढे छापून आलं, की नकाशाविरुद्ध शहरातून एकच तक्रार आली व तीही पाहणीत निराधार आढळली.

राहिला प्रश्न कुलपाचा. बाईंनी घराची किल्ली काकांपुढे धरली तेव्हा जावई न राहवून म्हणाले, "आई, घराची किल्ली अशी पालिकेच्या माणसाकडे?"

"मग पालिकेला सांगा ठिपका हलवायला. तुम्ही तर एवढे शिकलेले."

जावयांनी बॅग उचलून गाडीत ठेवली.

"गॅसला हात लावायचा नाही," बाईंनी काकांना बजावलं. "फोटो काढायचा, खिडकी लागलीय ना बघायचं, निघायचं. आणि जरा हसत जा. चोरून घुसल्यासारखा दिसतोस."

दुसऱ्या दिवशी सहा वाजून चौदा मिनिटांनी फोटो आला. चेहरा तसाच होता. हजेरी लागली.