एकाहत्तरची गाडी बहात्तर साली कुठं होती

मनात शंका असताना संपत हिवाळे एकदाच एका जुन्या गाडीला ‘बराबर हाय’ म्हणाला होता. सत्तर साली. भोकरदनच्या मालकाला ती फार आवडली होती, म्हणून. आठव्या दिवशी वळणावर स्टेअरिंग फिरलं, चाकं फिरली नाहीत. मालकाचा पाय गेला. पुढं पाच-सहा वर्षं संपतच्या हाती कुणी गाडी दिली नाही. बहात्तरच्या दुष्काळात तो आणि सत्यशीला, दोघं नवरा-बायको, राजूरच्या रस्त्यावर खडी फोडत होते.

शेवटी जालन्याच्या मिश्रीलाल सेठनं त्याला ड्रायव्हर म्हणून ठेवलं. बोली एकच: गाडी तू पारखायची.

औरंगाबाद रस्त्याला जुन्या गाड्या विकणाऱ्या काकासाहेबांच्या आवारात दोन गाड्या होत्या. एक सहासष्टची, रंग विटलेली. दुसरी एकाहत्तरची, दुधी, पळायला नंबर एक म्हणून सांगितलेली. सेठचा मुलगा जुगलकिशोर तिच्या बॉनेटवरचा हात काढत नव्हता.

“त्या गाडीपेक्षा पाच साल नवी आहे. अजून काय पाहिजे?”

“एकाहत्तरची हाय, बराबर,” संपत म्हणाला. “पण बहात्तरला कुठं होती?”

काकासाहेब हसले. “ड्रायव्हरसाहेब, पोरगी बघायला आलात का? कुळ विचारता.”

संपतनं मागची चटई उचलली. पत्र्याच्या सांध्यात राखी भुकटी धुऊनही घट्ट बसली होती. त्यानं ती बोटांत चोळली. खडी फोडताना हीच भुकटी दोन वर्षं त्याच्या खोकल्यातून पडत होती. दुष्काळी कामांवर ठेकेदारांच्या गाड्या रोज कच्च्या खडीवरून धावत.

“चालवून बघ,” सेठ म्हणाला आणि मागं बसला. जुगलकिशोर पुढं.

चाळीसला गाडी गप्प होती.

“दाब ना. बैलगाडी आहे का?” जुगलकिशोर म्हणाला.

साठला स्टेअरिंग हातात थरथरलं. समोर एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. संपतनं गाडी वळवली. चाकांनी ऐकलं, पण क्षणभर उशिरा. तो क्षण फक्त त्याच्या तळहातांना कळला. बापलेकांना काहीच जाणवलं नव्हतं. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं.

त्यानं गाडी बाजूला घेतली.

“न्हाई, सेठजी. ही खडीवर मेलेली हाय. स्टेअरिंग खाल्लंय.”

“बाबूजी, हा एकदा भाजलाय, आता ताकालाही घाबरतो,” जुगलकिशोर म्हणाला. “उतर. मी चालवतो.”

संपत उतरला. चावी त्याच्या मुठीत होती.

“चावी दे.”

“कामावरून काढा, भैया. चावी न्हाई देत.”

एक ट्रक गेला. धूळ खाली बसली. संपतनं मूठ उघडली नाही.

दार उघडून मिश्रीलाल सेठ धोतर सावरत उतरला. “गाडी इथंच राहू दे, जुगल. काकासाहेब येऊन नेतील.”

संपतकडं न बघता तो उन्हातून जालन्याकडं चालू लागला. चार पावलं मागं ठेवून संपतही निघाला. जुगलकिशोर बराच वेळ गाडीत बसून राहिला.